काशीचा सूर्योदय आणि महाराष्ट्रीय ज्योतिषी
(प्रकाशाच्या वक्रीभवनाचा एक इतिहास)

काशीस गंगा उत्तरवाहिनी आहे. शहराचे सारे घाट तिच्या पश्चिम तीरावर, पूर्वेकडे तोंड करून उभे आहेत. पैलतीरी बहुतांशी रेतीचा विस्तीर्ण पट्टा पसरलेला असल्यामुळे पूर्वक्षितिज मोकळे राहते. उगवत्या सूर्यास अर्घ्य देण्यासाठी इतकी अनुकूल जागा भारतात क्वचितच आढळेल. पहाटे स्नान आटोपून हजारो भाविक ओंजळीत पाणी घेऊन उभे असतात. पैलतीराच्या रेषेवर तांबडे बिंब नुकतेच टेकल्यासारखे दिसू लागते आणि ओंजळी रिकाम्या होतात.

मात्र त्या क्षणी खरा सूर्य क्षितिजावर आलेलाच नसतो. जे बिंब डोळ्यांना दिसते, त्याचा मूळ धनी अजून सर्वस्वी क्षितिजाखाली असतो. पृथ्वीभोवतीच्या वातावरणातून येताना सूर्यकिरण वाकतात आणि त्यामुळे सूर्य आहे त्याहून वर उचललेला दिसतो. प्रकाशाच्या या वागण्यास जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘वक्रीभवन’ म्हणत. आजची पाठ्यपुस्तके त्यास ‘अपवर्तन’ म्हणतात. शब्द बदलला तरी गोष्ट एकच आहे.

काशीच्या घाटांवर कालगणना करणाऱ्या विद्वानांत महाराष्ट्रीय घराण्यांचा मोठा वाटा होता. गणिताने आलेले उत्तर आकाशात डोळ्यांस पटले पाहिजे, या आग्रहास त्यांच्या परंपरेत ‘दृक्प्रत्यय’ म्हणत. परंतु डोळ्यास जे दिसते तेच वाकलेल्या किरणांनी आलेले असेल, तर ज्योतिष्याने विश्वास कशावर ठेवावा? हा प्रश्न ज्या वाटेने पुढे आला, ती वाट गोदातीरापासून गंगातीरापर्यंत जाते.

गोदातीराहून गंगातीरी

इ. स. 1520 मध्ये कोकणातील नांदगाव येथील गणेश दैवज्ञ यांनी ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. पंचांगाचे किचकट गणित सोपे करणारा हा ग्रंथ पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रात व महाराष्ट्राबाहेरही प्रमाण मानला गेला. गणेशांचे वडील केशव हे स्वतः आकाशाचे वेध घेणारे ज्योतिषी होते. वेधांशी जुळेल तेच गणित स्वीकारावे ही शिकवण गणेशांस घरातूनच मिळाली.

गणेशांचे शिष्य दिवाकर हे गोदावरीच्या उत्तर तीरावरील गोलग्रामचे. त्यांच्या पुत्रपौत्रांपैकी काहींनी काशीस स्थलांतर केले. याच कुळात कमलाकर जन्मले. 1658 मध्ये त्यांनी काशीत ‘सिद्धांततत्त्वविवेक’ हा विस्तृत ग्रंथ पूर्ण केला. कमलाकर सूर्यसिद्धांताचे कडवे अभिमानी असले तरी समरकंदच्या उलूघ बेगाच्या परंपरेतून आलेले अरबी-फारसी ज्ञान त्यांनी आपल्या ग्रंथात सामावून घेतले. दिसणारा ध्रुवतारा नेमक्या ध्रुवबिंदूवर स्थिर नाही, हेही त्यांनी नोंदविले.

दुसरे घराणे विदर्भातील दधिग्रामचे. या घराण्यातील रंगनाथांनी 1603 मध्ये सूर्यसिद्धांतावर ‘गूढार्थप्रकाश’ ही टीका लिहिली, तर त्यांचे पुत्र मुनीश्वर यांनी ‘सिद्धांतसार्वभौम’ हा ग्रंथ रचला. मुनीश्वर भास्कराचार्यांचे पक्षपाती आणि कमलाकर सूर्यसिद्धांताचे. त्यामुळे एकाच नगरीत राहणाऱ्या या दोन महाराष्ट्रीय घराण्यांत खंडनमंडन चाले.

लंबन होते, वक्रीभवन नव्हते

या मंडळींच्या गणितात द्रष्ट्याच्या जागेमुळे पडणाऱ्या फरकाचा विचार फार सूक्ष्म होता. चंद्र पृथ्वीच्या केंद्रातून पाहिला असता जेथे दिसेल, तेथे तो पृथ्वीच्या पृष्ठभागावरून दिसत नाही. किंचित खाली दिसतो. या फरकास ‘लंबन’ म्हणतात. ग्रहाच्या दैनिक गतीचा पंधरावा भाग हे क्षितिजावरील लंबन, असा सिद्धांतग्रंथांचा नियम आहे. चंद्राची दैनिक गती सुमारे 790 कला धरली, तर लंबन सुमारे 53 कला येते. (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग.) आधुनिक मापन ते सरासरी 57 कला सांगते. दुर्बिणीच्या कितीतरी आधीचे हे उत्तर सत्याच्या इतके जवळ जाते, ही नवलाची गोष्ट आहे. सूर्याच्या बाबतीत मात्र हा नियम फसतो: त्याने जवळजवळ 4 कला येतात, आणि खरे लंबन अवघे 9 विकलांच्या आसपास, म्हणजे एका कलेच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे.

लंबन बिंबास खाली ढकलते, वक्रीभवन त्यास वर उचलते. पहिल्याचा विचार सूर्यसिद्धांत, सिद्धांतशिरोमणी व ग्रहलाघव या तिन्ही ग्रंथांत आहे. दुसऱ्याचा संस्कार त्यांत नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. डोक्यावर असलेल्या ताऱ्याचे वक्रीभवन शून्य असते. तारा 45 अंशांवर असता ते एक कला भरते, 10 अंशांवर सुमारे 5 कला, आणि ऐन क्षितिजावर एकदम सुमारे 34 कला होते. ग्रहांचे वेध बहुधा आकाशात उंच घेतले जात. तेथे नुसत्या डोळ्यास ही एक-दोन कलांची चूक जाणवत नाही. क्षितिजावर ती मोठी असते, पण तेथे धुके, धूळ आणि झाडी यांतून नेमका वेध घेणे कठीण. चूक जेथे मोठी तेथे पाहणे अवघड, आणि पाहणे सोपे तेथे चूक लहान, असा हा पेच होता.

प्रकाश का वाकतो?

पश्चिमेकडे व अरबी जगात हा प्रश्न वेगळ्या दिशेने सुटत गेला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने हवेतून पाण्यात जाणाऱ्या किरणांचे कोन मोजून कोष्टके केली. इ. स. 984 च्या सुमारास बगदादच्या इब्न सहलने भिंगांच्या अभ्यासात वक्रीभवनाचा अचूक नियम वापरला. युरोपात हॉलंडच्या स्नेलने तो 1621 च्या सुमारास पुन्हा शोधला, आणि देकार्तने 1637 मध्ये छापून प्रसिद्ध केला. दोन माध्यमांच्या सीमेवर काढलेल्या लंबाशी आपाती किरण जो कोन करतो त्याची ज्या, आणि वाकलेला किरण जो कोन करतो त्याची ज्या, यांचे गुणोत्तर त्या दोन माध्यमांपुरते नेहमी एकच राहते, असा तो नियम. ‘ज्या’ ही संकल्पना भारतीय गणिताची. तीच अरबी विद्वानांच्या हातून युरोपात पोचली होती.

नियम सापडला, तरी कारण सापडले नव्हते. देकार्तचे मत असे की, पाण्यात प्रकाश हवेपेक्षा वेगाने जातो. न्यूटनच्या कणवादातूनही हेच निघे. फर्माने 1662 मध्ये उलट सांगितले: प्रकाश ज्या वाटेने सर्वांत कमी वेळ लागेल ती वाट घेतो, आणि पाण्यात तो मंदावतो. घाटावरील नावाडी बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी धावतो तेव्हा तो सरळ रेषेत जात नाही. काठावर पळणे जलद आणि पाण्यात पोहणे सावकाश, हे जाणून तो काठाने थोडे अधिक अंतर पळतो आणि मग पाण्यात उडी घेतो. प्रकाशाची वाटही अशीच मोडलेली असते. हॉलंडच्या हायगेन्सने प्रकाश लहरींनी पसरतो असे मानून याच निष्कर्षास भौतिक आधार दिला.

लहरींचे हे स्पष्टीकरण शाळेच्या मैदानावरही उमगू शकते. लेझीम खेळणाऱ्या मुलांची एक लांब रांग खांद्याला खांदा लावून पक्क्या जमिनीवरून चालली आहे आणि पुढे रेती तिरपी पसरली आहे, असे समजा. रांगेच्या ज्या टोकाची मुले आधी रेतीत शिरतील, त्यांची पावले आखडतील. दुसऱ्या टोकाची मुले अजून पक्क्या जमिनीवर असल्याने पूर्वीच्याच वेगाने पुढे जातील. ताल न सोडता सारी रांग आपोआप रेतीच्या बाजूस वळेल. रांग रेतीत सरळ समोरून शिरली, तर ती मंदावेल पण वळणार नाही. प्रकाशाचे तेच आहे: ताल, म्हणजे लहरींची वारंवारता, बदलत नाही; पाऊल, म्हणजे तरंगलांबी, आखूड होते. पदार्थातील इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीच्या तालावर हेलकावू लागतात आणि स्वतःही लहरी सोडतात. मूळ लहर व या नव्या लहरी यांच्या मिलाफातून जी लहर घडते, ती पदार्थातून मंद गतीने पुढे सरकते.

या वादाचा निवाडा 1850 मध्ये पॅरिस येथे झाला. फूकोने वेगाने फिरणाऱ्या आरशाच्या साहाय्याने हवेतील व पाण्यातील प्रकाशाची तुलना केली आणि पाण्यात प्रकाश मंदावतो हे सिद्ध झाले. निर्वात पोकळीत सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर धावणारा प्रकाश पाण्यात सुमारे सव्वादोन लाख, काचेत सुमारे 2 लाख आणि हिऱ्यात सुमारे सव्वा लाख किलोमीटर एवढाच धावतो. गंगेत बुडविलेले वल्हे मोडल्यासारखे दिसते आणि चार फूट पाण्याखालची घाटाची पायरी वरून पाहता तीन फुटांवर भासते, ते यामुळेच. हवा प्रकाशास फार थोडी मंदावते. दहा हजारांत तीन भाग एवढीच. परंतु क्षितिजावरून येणारा किरण वातावरणाच्या विरळ थरांतून दाट थरांत अत्यंत तिरपा शिरतो, आणि वाकणे साचत साचत 34 कलांवर जाते.

सूर्यबिंबाचा व्यास सुमारे 32 कला आहे. म्हणून बिंबाची खालची कड क्षितिजावर टेकलेली दिसते तेव्हा संपूर्ण सूर्य वस्तुतः क्षितिजाखाली असतो. खालची कड वरच्या कडेहून पाच-सहा कला अधिक उचलली जाते, म्हणूनच उगवते बिंब चपटे दिसते.

नागपूरच्या मराठी शाळेतून काशीस

फूकोचा प्रयोग झाला त्या काळी काशीच्या संस्कृत महाविद्यालयात एक तरुण महाराष्ट्रीय पंडित भारतीय सिद्धांत आणि युरोपीय गणित दोन्ही शिकवीत होता. त्याचे नाव बापूदेव शास्त्री. 1821 मध्ये पुण्यात जन्मलेल्या बापूदेवांचे घराणे मूळचे नगर जिल्ह्यातील गोदातीरावरील टोके येथले, उपनाव परांजपे. त्यांचे आरंभीचे शिक्षण नागपुरात मराठी शाळेत झाले. तेथेच त्यांनी ढुंढिराज मिश्र यांच्यापाशी भास्कराचार्यांची लीलावती व बीजगणित यांचे अध्ययन केले. भोपाळजवळील सिहोर येथे असलेले इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांना त्यांच्या बुद्धीची पारख झाली. त्यांनी या मुलास सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत नेऊन सिद्धांतांबरोबर युरोपीय भूमितीही शिकविली. 1840 च्या दशकाच्या आरंभी बापूदेव काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. 1791 मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते.

बापूदेवांनी संस्कृतात व हिंदीत गणिताची पुस्तके लिहिली. सूर्यसिद्धांताचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 1861 मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाले. मानमंदिर घाटावरील सवाई जयसिंहाच्या वेधशाळेतील यंत्रांचे त्यांनी वर्णन केले. ‘तत्त्वविवेकपरीक्षा’ या ग्रंथात त्यांनी कमलाकरांच्या ग्रंथाची चिकित्सा केली. गोदातीराहून आलेल्या एका विद्वानाच्या मतांची परीक्षा दोनशे वर्षांनी गोदातीरीच्याच घराण्यातील दुसऱ्याने करावी, ही काशीच्या विद्यापरंपरेस साजेशीच गोष्ट होती.

बापूदेवांनी भाषांतरित केलेल्या सूर्यसिद्धांतात वक्रीभवनाचा एक ठसा न कळत उमटला आहे. चंद्रग्रहणात निम्म्याहून कमी ग्रास असता चंद्र धूम्रवर्ण, निम्मा ग्रास असता काळा, त्याहून अधिक झाल्यास काळसर तांबडा आणि खग्रास झाल्यावर कपिलवर्ण दिसतो, असे त्या ग्रंथात सांगितले आहे. पृथ्वीची छाया जर निखळ अंधार असेल, तर तीत बुडालेल्या चंद्रास रंग येतो कोठून? पृथ्वीच्या कडेने जाणारे सूर्यकिरण वातावरणात शिरताना आणि बाहेर पडताना वाकतात व छायेच्या आत पोचतात. वाटेत निळा प्रकाश विखुरला गेल्याने तांबूस तेवढा उरतो. त्या क्षणी पृथ्वीवर जेथे जेथे सूर्य उगवत किंवा मावळत असेल, तेथील सारी लाली चंद्रावर पडलेली असते. प्राचीनांनी रंगाची नोंद निष्ठेने केली. कारण कळण्यास पुढील शतके लागली.

पंचांगातील साडेतीन मिनिटे

महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला आणि 1865 पासून त्यांच्या गणिताचे पटवर्धनी पंचांग निघू लागले. पुढील दशकात काशीस बापूदेवांनीही इंग्लंडच्या ‘नॉटिकल अल्मनॅक’वरून सिद्ध केलेले पंचांग प्रसिद्ध केले. ग्रीनिचच्या वेधशाळेत ताऱ्याचा वेध घेतला की त्यातून वातावरणाने केलेले उचलणे वजा करूनच त्याचे खरे स्थान ठरवीत. अशा शोधित वेधांवर उभी राहिलेली कोष्टके काशीच्या पंचांगात आली, तेव्हा त्यांच्याबरोबर वक्रीभवनाचा संस्कारही गंगातीरी पोचला.

हे सर्वांस रुचण्याजोगे नव्हते. ऋषिप्रणीत ग्रंथांचे गणित सोडून परदेशी कोष्टके का घ्यावीत, असा आक्षेप दृक्प्रत्ययवाद्यांवर सतत घेतला जाई. त्यामागे केवळ हट्ट नव्हता. पंचांगावर व्रते, उपवास, श्राद्धे आणि लग्नमुहूर्त अवलंबून. शेजारच्या दोन घरांत एकादशी दोन निरनिराळ्या दिवशी येऊ लागली, तर समाजाचे एकत्व कसे राहावे, ही चिंता खरी होती.

वक्रीभवन या चिंतेच्या अगदी मुळाशी जाते. सूर्योदयी जी तिथी असेल, ती त्या दिवसाची तिथी. तिथीचा शेवट सूर्य व चंद्र यांच्या परस्परांतरावरून ठरतो. त्यावर वातावरणाचा परिणाम होत नाही. परिणाम होतो तो सूर्योदयाच्या क्षणावर. बिंबाचा मध्य गणिताने क्षितिजावर येणे हा सूर्योदय मानावा, की वरची कड डोळ्यांस प्रथम दिसणे हा मानावा? दुसऱ्या व्याख्येत वक्रीभवनाच्या 34 कला आणि अर्ध्या बिंबाच्या 16 कला मिळून 50 कलांचा फरक पडतो. काशीच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे 25 अंश 19 कलांवर, विषुवदिनी एक कला चढण्यास सूर्यास सुमारे 4.4 सेकंद लागतात. म्हणजे दोन सूर्योदयांत साडेतीन मिनिटांहून थोडे अधिक अंतर पडते. चांद्रमानाने वर्षात सुमारे 371 तिथी होतात. त्यांपैकी एखादीचा शेवट या साडेतीन मिनिटांच्या फटीत सापडण्याचा योग हिशेबाने सरासरी वर्षातून एकदा येतो. त्या दिवशी दोन्ही पंचांगकर्त्यांचे गणित निर्दोष असूनही त्यांची तिथी वेगळी पडू शकते. त्यांच्यात भांडण असते ते ‘उदय’ या शब्दाच्या अर्थाचे.

दृक्प्रत्ययाचा अर्थ

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 1896 च्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात या साऱ्या परंपरेचा इतिहास लिहून ठेवला. गणेश दैवज्ञांपासून बापूदेवांपर्यंतचा प्रवास पाहता, एक गोष्ट ध्यानी येते. केशव व गणेश यांनी ग्रंथाहून वेध श्रेष्ठ मानला. कमलाकरांनी सूर्यसिद्धांताचा अभिमान न सोडता परकीय ज्ञानास घरात घेतले. बापूदेवांनी कमलाकरांचीही परीक्षा केली आणि युरोपीय कोष्टके वापरताना सूर्यसिद्धांताचे भाषांतर तितक्याच आस्थेने केले. प्रत्येकाने आधीच्यांचा आदर राखून त्यांच्या गणितात एक संस्कार वाढविला.

वक्रीभवनाने या परंपरेस आणखी एक पायरी चढविली. ग्रंथ तपासावा तो डोळ्याने. पण डोळ्यापर्यंत येणारा किरण कोणत्या माध्यमांतून, किती वाकून आला आहे, हेही तपासावे लागते. तसे तपासले म्हणून दिसणे खोटे ठरत नाही. घाटावरून अर्घ्य देणाऱ्यास दिसणारे बिंब हा भास असला, तरी त्याचा प्रकाश खऱ्या सूर्याचाच असतो. त्याची दिशा तेवढी 34 कलांनी सुधारून घ्यावयाची असते.

हीरक महोत्सवाच्या वर्षी हिऱ्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. हिऱ्याचे तेज हेही वक्रीभवनाचेच देणे. प्रकाश त्यात एवढा मंदावतो की आत शिरलेला किरण पैलूशी 24 ते 25 अंशांहून अधिक तिरपा भिडला, तर बाहेर न पडता आतच परावर्तित होतो, आणि योग्य पैलूंवरूनच झळाळून बाहेर येतो. म्हणून खाणीतून निघालेला दगड तेवढा पुरत नाही. पैलू पाडणारा हात लागतो. नागपूरच्या मराठी शाळेत अंकगणिताचे पहिले धडे गिरविलेल्या एका मुलास असे हात नागपुरात, सिहोरास आणि काशीस लाभले, आणि त्याने गंगेच्या काठी सूर्योदयाचे गणित नव्याने मांडले.